देवाणघेवाण म्हणायची, तर ती दोन्ही बाजूंनी व्हावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशी कलावंत आणि आपल्याकडील दिव्यांगांच्या निवासी संस्था, कार्यशाळा, मनोरुग्णालये, बालगृहे, वृद्धाश्रम यांच्यात कलेची देवाणघेवाण व्हावी, ही कल्पना आता नागपुरातही अधूनमधून ऐकू येते. कल्पना उत्तम आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करते. मात्र ती आज ज्या पद्धतीने राबवली जाते, ती पद्धत बदलल्याशिवाय संस्थेत राहणाऱ्या माणसाच्या पदरात फारसे काही पडणार नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यापासून मी शहरातील बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या एका निवासी कार्यशाळेत दर आठवड्याला रंग-कागद घेऊन जाते. तेथे जे दिसले त्यावरून आणि या विषयाचे जे वाचन झाले त्यावरून काही गोष्टी आपल्या वाचकांपुढे ठेवू इच्छिते.

अशा भेटींचा साचा बहुधा ठरलेला असतो. सकाळी अकराच्या सुमारास पाहुणे येतात, फलकासमोर स्वागत होते, शाल-श्रीफळ दिले जाते, स्वागतगीत होते आणि मग जेवणापर्यंत उरलेल्या तासा-दीड तासात संयुक्त चित्रनिर्मिती उरकली जाते. वेळ कमी, म्हणून कागदावर कोणीतरी आधीच मोर, कमळ किंवा वारलीसारख्या आकृत्या पेन्सिलीने आखून ठेवलेल्या असतात. रहिवाशांनी त्यांत रंग भरायचा आणि रंग रेषेबाहेर जाऊ लागला की मागे उभ्या असलेल्या ताईंनी हात धरून तो आत आणायचा. एका युरोपीय चित्रकर्तीच्या भेटीच्या वेळी मी हजर होते. बाई अतिशय सरळ मनाच्या होत्या. त्या सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसल्या आणि आखलेले कागद बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर यांना काय काढावेसे वाटते ते पाहू या, असेही त्यांनी सुचवले. पण तोवर दुपार झाली होती आणि पाहुण्यांना रामटेकला न्यायचे होते. त्या गडबडीत चाळिशीतल्या एका रहिवाशाने आपला कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर काळी मारबत, म्हणजे नागपूरच्या मिरवणुकीतला तो अवाढव्य पुतळा, काढली. कागदभर पसरलेली, दोन्ही हात लांबवलेली, आणि तिच्या पायांशी मुंग्यांएवढी माणसे. लहानपणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहिलेली ती मिरवणूक त्याच्या मनातून कधी गेलेली नाही. तो वर्षभर तीच काढत असतो. सगळे कागद गुंडाळून पाहुण्यांबरोबर गेले. पुढे त्यांच्या गावच्या प्रदर्शनाचे छायाचित्र संस्थेकडे आले. त्यात हाही कागद होता, मोराची बाजू पुढे करून चौकटीत बसवलेला. खाली संस्थेचे नाव होते, पाहुण्या चित्रकर्तीचे होते. चित्रे काढणाऱ्यांपैकी एकाचेही नव्हते.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. वेळच इतका थोडा होता की मोरामागची मारबत पाहुण्यांना दिसणे शक्य नव्हते, आणि ती दाखवण्याचे काम आपल्याकडे कोणाकडेही सोपवलेले नव्हते.

जगात जेथे जेथे हे काम खऱ्या अर्थाने रुजले, तेथे आधी वर्षानुवर्षांचा रोजचा सराव होता आणि परदेशी प्रदर्शने त्याच्या पुष्कळ नंतर आली. जपानमधील शिगा प्रांताचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. दुसरे महायुद्ध संपल्याच्या पुढच्याच वर्षी, १९४६ साली, काझुओ इतोगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ओमी गाकुएन ही संस्था सुरू केली. युद्धात अनाथ झालेली मुले आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले तेथे एकत्र राहत. देश पराभूत होता, अन्नाची टंचाई होती. तरीही मुलांच्या हाती माती देण्याचे काम सुरुवातीच्या काळातच सुरू झाले. शिगाराकीची प्रसिद्ध कुंभारकला याच प्रांतातली, त्यामुळे माती आणि भट्टी दोन्ही हाताशी होत्या. पुढे काझुओ यागी यांच्यासारखे आधुनिक मृत्शिल्पातील अग्रगण्य कलावंत तेथील संस्थांतल्या मातीकामाशी जोडले गेले. मुलांनी कुंभारासारखी सुबक भांडी करावीत, हा त्यामागचा आग्रह नव्हता. मुलांचे हात मातीचे काय करतात, याचेच त्यांना कुतूहल होते. त्याच प्रांतात ओमिहाचिमान येथे २००४ साली एका जुन्या पारंपरिक घरात नो-मा हे कलासंग्रहालय सुरू झाले. तेथे दिव्यांगांची कामे आणि इतर कलावंतांची कामे शेजारी शेजारी मांडली जातात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९७६ पासून असलेल्या आर्ट ब्रूट (कलेचे रीतसर शिक्षण न घेतलेल्यांची कला) संग्रहालयात २००८ साली जपानी कामांचे प्रदर्शन झाले, ते या घडामोडीनंतर. २०१० साली पॅरिसच्या आल सँ पिएर या संग्रहालयात ६३ जपानी कलावंतांची कामे मांडली गेली आणि २०१३ साली लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये असेच मोठे प्रदर्शन झाले. म्हणजे पहिली माती मळल्यापासून पॅरिस गाठेपर्यंत साठांहून अधिक वर्षे गेली होती.

याच प्रांतातले शिनिची सावादा हे स्वमग्न कलावंत एका कल्याणकारी संस्थेत काम करतात. संस्थेच्या बेकरीत पाव करणे हा त्यांच्या कामाचा एक भाग आणि माती हा दुसरा. अंगभर काटे असलेले, अनेक डोळ्यांचे आणि तोंडांचे त्यांचे मातीचे प्राणी २०१३ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनाच्या मुख्य विभागात मांडले गेले होते. ते बोलत नाहीत म्हटले तरी चालेल, इतके कमी बोलतात. त्यांच्या कामावर पाने भरभरून लिहिले गेले, परंतु मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अगदी साधी आहे: त्यांच्यासाठी जागा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे, आणि त्या वेळेत त्यांच्या हातातली माती काढून घेऊन कोणी त्यांना दिवाळीची मागणी पुरी करायला बसवत नाही.

आपल्या कार्यशाळांमध्ये नेमके हेच होते. पणत्या, राख्या, लिफाफे, कागदी पिशव्या, शुभेच्छापत्रे ही कामे वाईट नाहीत; त्यांतून मिळणाऱ्या थोड्याशा पैशाने रहिवाशांना केवढा अभिमान वाटतो, हे मी नेहमी पाहते. पण कामाला फक्त तोच एक साचा उरला, की माणसाला स्वतःचे काही करण्यासाठी जागाच राहत नाही. सावादांच्या प्राण्यांची छायाचित्रे मी एकदा आमच्या कार्यशाळेत दाखवली होती. पुढच्या आठवड्यात एका महिलेने साच्यातून काढलेल्या पणत्यांच्या कडांना मातीचे काटे लावून ठेवले होते. त्या पणत्या विकल्या जाणार नव्हत्या, तरी पर्यवेक्षिकेने त्या मोडल्या नाहीत, कपाटावर ठेवल्या, याबद्दल मी तिची ऋणी आहे. देवाणघेवाण यालाच म्हणावे असे मला वाटते. शिगातल्या एका माणसाच्या हातचे काम पाहून नागपुरातल्या एका बाईच्या हातांना काही सुचले, आणि त्यासाठी कोणाला विमानाने यावे लागले नाही. आपण आपली चित्रे बाहेर पाठवण्याचा उत्साह दाखवतो, पण तिकडच्या संस्थांमध्ये राहणारी माणसे काय करतात, ते आपल्या रहिवाशांना कधी दाखवत नाही.

वेळेविषयी आणखी एक उदाहरण द्यायलाच हवे. अमेरिकेतील ज्युडिथ स्कॉट यांचा जन्म १९४३ चा. त्यांना डाऊन सिंड्रोम होता आणि ऐकू येत नव्हते, पण ऐकू न येण्याचे निदान कित्येक वर्षे झालेच नाही. त्यांना शिकवता येणार नाही असे ठरवून लहानपणीच संस्थेत पाठवले गेले आणि तेथे सुमारे ३५ वर्षे गेली. मग जुळ्या बहिणीने त्यांना कॅलिफोर्नियात आणले आणि ओकलंड येथील, १९७४ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह ग्रोथ या कलाकेंद्रात त्या जाऊ लागल्या. जवळजवळ दोन वर्षे त्यांनी फारसे काही केले नाही. चित्रकलेत त्यांना रस वाटला नाही. पुढे धाग्यांचे काम करणाऱ्या एक कलावंत तेथे वर्ग घेण्यासाठी आल्या, आणि ज्युडिथ यांनी हाती येईल त्या वस्तूला सूत, दोरे, कापड गुंडाळण्यास सुरुवात केली. २००५ साली मृत्यू होईपर्यंत त्या ते करीत राहिल्या. त्यांची ती शिल्पे आज मोठ्या संग्रहालयांत आहेत. आपल्याकडच्या एखाद्या प्रकल्प अहवालात ती पहिली दोन वर्षे ‘प्रतिसाद नाही’ या एका ओळीत संपली असती आणि निधी बंद झाला असता. डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटनचे दृश्यकलेतील प्रतिष्ठित टर्नर पारितोषिक नेना कालू यांना मिळाले. बौद्धिक दिव्यांग कलावंताला हा सन्मान प्रथमच मिळाला. त्यांच्यामागेही लंडनच्या ॲक्शनस्पेस या संस्थेची २५ वर्षांहून अधिक काळाची सोबत आहे.

हे सारे श्रीमंत देशांत चालते, आपल्याकडे कसे जमणार, असे म्हणणाऱ्यांसाठी तमिळनाडूतील भरतपुरम या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीचे उदाहरण आहे. ऑस्ट्रियाचे कलावंत वेर्नर डोर्निक आणि सामाजिक कार्यकर्त्या पद्मा व्यंकटरामन यांनी २००५ साली तेथे बिंदू आर्ट स्कूल सुरू केले. ज्यांच्या हातांची बोटे झडली आहेत, ज्यांनी आयुष्यात कधी कुंचला धरला नव्हता, अशी वयस्क माणसे तेथे चित्रे काढू लागली आणि त्या चित्रांची प्रदर्शने युरोपात झाली. आणि खरे तर इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. आपल्याच विदर्भात, वरोऱ्याच्या आनंदवनात, १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी तरुण येऊन राहिले होते, आणि कुष्ठरोगाच्या नावाने लोक लांबून जात त्या काळात त्यांनी तेथल्या माणसांबरोबर इमारती उभारण्याचे कष्ट केले. ते पाहणी करायला आले नव्हते. परदेशी पाहुण्याने संस्थेत कसे यावे, याचा धडा आपल्याकडे सत्तर वर्षांपासून आहे.

आता थोडे कायद्याविषयी. संस्थाचालकांना आणि पालकांना यातील पुष्कळ गोष्टी माहीत नसतात, असा माझा अनुभव आहे. प्रताधिकार कायदा १९५७ नुसार चित्राच्या प्रताधिकाराचा पहिला मालक साधारणपणे ते काढणारा असतो. तो दिव्यांग आहे किंवा संस्थेत राहतो म्हणून तो हक्क संस्थेकडे जात नाही, आणि रंग-कागद दुसऱ्याने दिले म्हणून पाहुण्याकडेही जात नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा झाल्यास तो लेखी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो हक्क भारतापुरताच आहे, असे मानले जाते. शिवाय हक्क दिल्यानंतरही कामाखाली आपले नाव असावे, असे म्हणण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने निर्णय घेण्यासाठी आधार लागणाऱ्या माणसाचाही निर्णयाचा अधिकार मान्य केला आहे. पालकत्व लागलेच तर त्या माणसाशी विचारविनिमय करून, मर्यादित स्वरूपात. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती आहे. तेव्हा संमतीचा कागद कोणाकडे न्यायचा, हा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

नावाच्या बाबतीत मात्र सरसकट नियम चालणार नाही. मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने मनाई केली आहे, आणि बालगृहातील किंवा निरीक्षणगृहातील मुलांची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. ज्यांना नाव हवे आहे त्यांचे नाव ठळक अक्षरांत आलेच पाहिजे. ज्यांना ते नको आहे किंवा कायद्याने देता येत नाही, त्यांच्यासाठी टोपणनाव किंवा एखादी निवडलेली खूण वापरता येते. पैशाचेही लिहूनच ठेवावे. चित्र परदेशात विकले गेले तर रहिवाशाच्या स्वतःच्या बँक खात्यात किती जमा होणार, संस्थेचा वाटा किती, मूळ चित्र परत येणार की नाही आणि परतीचा खर्च कोणाचा, हे आधीच ठरलेले असावे. परदेशी देणगीवर विदेशी अंशदान कायद्याची बंधने आहेत म्हणून अनेक संस्था घाबरून मागे हटतात. पण मालाच्या रीतसर विक्रीचे पैसे आणि देणगी या गोष्टी त्या कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत. चांगल्या सनदी लेखापालाचा सल्ला घेतल्यास मार्ग निघू शकतो.

कलावंताला परदेशी पाठवण्याची भाषा कोणी केली, की मला जनगढसिंह श्याम यांची आठवण होते. आपल्या गोंडवनाच्या परिसरातले, मध्य प्रदेशातील पाटनगढचे हे थोर गोंड चित्रकार. भोपाळच्या भारत भवनामुळे त्यांचे काम जगापुढे आले, १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ते पोहोचले; आणि २००१ साली जपानमध्ये एका संग्रहालयासाठी काम करीत असताना त्यांनी आपले जीवन संपवले. त्यानंतर परदेशी निवासातील कलावंताचा मोबदला, त्याच्याशी झालेला करार आणि घरी परतण्याचा त्याचा हक्क यांवर कलाजगतात तीव्र चर्चा झाली. ते तर देशविदेशात नाव असलेले, संसारी, कर्ते गृहस्थ होते. ज्याला रोजच्या ताईंचा आवाज, ठरलेली थाळी आणि ठरलेली खाट यांचा आधार लागतो, अशा माणसाला उत्साहाच्या भरात विमानात बसवण्यापूर्वी शंभरदा विचार झाला पाहिजे. बरोबर ओळखीचा सोबती, भाषा जाणणारा माणूस, आणि नको वाटल्यास दुसऱ्या दिवशी परतण्याची सोय असेल तरच असा प्रवास व्हावा. नाहीतर चित्रे जाऊ द्यावीत, माणूस घरी राहू द्यावा. टपालाने अर्धे काढलेले चित्र पाठवायचे आणि तिकडच्या रहिवाशाने ते पुरे करून परत पाठवायचे, एवढे जरी दोन संस्थांमध्ये वर्षभर नेमाने चालले, तरी ते मोठे काम होईल.

नागपूरकडे या कामासाठी लागणारे बरेच काही आधीपासून आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय १९८६ पासून याच शहरात आहे. शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक येथे आहे आणि तेथे वर्षानुवर्षे राहणारी, घरी परतण्याची वाट बंद झालेली माणसे आहेत. कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर जपानी सहकार्यातून उभे राहिले, तेव्हा त्या देशाशी बोलणी करण्याचा अनुभवही आपल्याकडे आहे. दिव्यांग कल्याणासाठी राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र विभाग आहे. हे सर्व जण एका टेबलाभोवती बसत नाहीत, एवढीच अडचण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २९ मध्ये दिव्यांग कलावंतांना सुविधा आणि पाठबळ देण्याची, तसेच कलाविषयक अभ्यासक्रमांची त्यांना सामावून घेणारी फेररचना करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचे तिसावे कलम तर म्हणते की, या व्यक्तींची सर्जनशीलता त्यांच्या स्वतःच्या भल्याबरोबरच समाजाच्या समृद्धीसाठीही वापरली जावी.

काही अधीक्षकांचे आक्षेप मी ऐकले आहेत आणि ते खोटे नाहीत. काळजीवाहक कमी आहेत, एकेका ताईकडे पुष्कळ रहिवासी आहेत, रंगांनी माखलेले कपडे कोण धुणार, औषधांसाठी पैसे पुरत नाहीत तेथे कुंचल्यांना कुठून आणायचे? पहिल्या तीन प्रश्नांचे उत्तर माणसांत आहे: महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आळीपाळीने यावे, आणि त्या वेळेची नोंद त्यांच्या अभ्यासक्रमात व्हावी. चौथ्या प्रश्नाला १९४६ मधला शिगा प्रांत उत्तर देतो. औषधे आणि कुंचले यांत निवड करण्याची वेळ कोणावर येऊ नये, आणि संस्थांचे अनुदान वेळेवर मिळावे ही मागणी मी या पत्रातही करते. पण अनुदान सुरळीत होईपर्यंत माणसांनी कोऱ्या कागदाची वाट पाहत बसावे, हे मला मान्य नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. क्षेत्र सांस्कृतिक केंद्राने चित्रकला महाविद्यालयाला आणि शहरातील दोन-तीन संस्थांना बरोबर घेऊन, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी उघडी असणारी एक कार्यशाळा सुरू करावी. तेथे आखलेले कागद नसावेत. परदेशी कलावंताला बोलवायचे असेल तर किमान दोन महिन्यांसाठी बोलवावे. पहिले काही आठवडे त्याने केवळ शेजारी बसून स्वतःचे काम करावे, आणि जाताना त्याचेही काही काम येथे राहावे. तो ज्या देशातून येईल, तेथील एखाद्या संस्थेतल्या रहिवाशांची चित्रे आपल्याकडे मांडली जावीत, आणि उद्घाटनाची फीत त्या दिवशी आपल्या रहिवाशांपैकी कोणीतरी कापावी. संमती, नाव, मोबदला आणि मूळ कामाची मालकी यांचा एक पानी मराठी नमुना दिव्यांग कल्याण विभागाने विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने तयार करून सर्व संस्थांना पाठवावा. असा नमुना हाती येईपर्यंत संस्थांनी निदान प्रत्येक चित्राची दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून, काढणाऱ्याचे नाव आणि तारीख नोंदवहीत लिहून, मगच ते दाराबाहेर जाऊ द्यावे. ज्या संस्थांना अशी नोंदवही सुरू करायची असेल, त्यांना शहरातील माझ्यासारखे निवृत्त कलाशिक्षक आनंदाने मदत करतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका,
धरमपेठ, नागपूर